बुधवारचं पाणी

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघा हल्ली कुरकुर करत नाही आणि फोनही बिघडलेला नाही. आज रविवारचा तुझा फोन वाजला तेव्हा मी घरातच होते. समोरच्या खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते. तो वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं परत वाजला, परत थांबला. मग मी उठून चहा केला आणि कागद घेऊन बसले. जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले, तर तू मध्येच ‘अगं आई, ऐक तर’ म्हणशील, आणि तू तसं म्हणालीस की मी ऐकतेच. हे तुला, तू बोबडं बोलायचीस तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून या खेपेला मी बोलणार आणि तू ऐकायचंस. मध्ये बोलायला जागाच ठेवत नाही.

आमच्या पर्यावरण मंडळाची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, पण आज सलग सांगते, कारण सलग सांगितल्याशिवाय मलाच ती नीट दिसत नाही. सुरुवात चित्रापासून झाली. सातवीच्या वर्गात नदी शिकवत होते. म्हटलं, नदीचं चित्र काढा आणि रंगवा. अर्ध्या वर्गानं पाणी निळं रंगवलं. उरलेल्यांनी जांभळं, विटकरी, पोपटी, मनाला येईल तसं. एकाला मी रागावले की अरे, चेष्टा करतोस का, असं पाणी असतं का कुठे. तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘बाई, आमच्या बाजूला असतं. परवा हेच होतं, काल हे होतं.’ आणि बोटानं दोन मुलांच्या वह्यांतले दोन रंग दाखवले. मी बाजाराच्या बाजूनं येते-जाते, शाळेमागच्या ओढ्याकडे वर्षानुवर्षं फिरकले नव्हते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले. छोट्या पुलावरून खाली वाकून बघितलं तर पाणी पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं, आणि कडेला फेस. पलीकडे कापड रंगवायचा कारखाना, तो तर तू शाळेत होतीस तेव्हापासून आहे. मला वाटायचं, आत रंगवतात. बाहेरही रंगवतात हे मला मुलांच्या चित्रांतून कळलं.

मंडळ काढायचं ठरवून मी मोठ्या बाईंकडे गेले. या बाई तुलाही होत्या, तुला ठाऊक आहे, खडूचा एक जादा डबा मागितला तरी त्या आधी जुन्या खडूंचे तुकडे दाखवा म्हणतात. मी मनात सगळं पाठ करून गेले होते, त्या नाही म्हणाल्या की हे बोलायचं, तरी नाही म्हणाल्या की ते बोलायचं. त्या लगेच हो म्हणाल्या. वर म्हणाल्या, ‘छान कल्पना आहे. फक्त दिवस ठरवून करा, आणि मुलांना कधी नेणार ते मला आधी कळवत जा.’ मी बाहेर आले आणि आनंद व्हायच्या ऐवजी मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर होतं, तीन पाकळ्यांच्या फुलाचं चिन्ह असलेलं. ते कॅलेंडर तिथे दरवर्षी असतं. पण त्या दिवसापासून मला ते दिसायला लागलं.

शिक्षकांच्या खोलीत काय झालं ते तर तुला मी हसत हसत सांगितलंच होतं. पीटीचे सर म्हणाले, ‘बाई, माझी शिट्टी हवी तर न्या. मासे रांगेत येतील.’ सगळे हसले. आमच्या मंडळाचं नाव त्यांनी ‘खुळं मंडळ’ ठेवलं आणि गंमत म्हणजे मुलांनाच ते फार आवडलं. बुधवारी मधली सुटी झाली की एकमेकांना हाका मारायची, ‘ए, खुळ्यांनो, चला.’ पण मला सरांच्या हसण्यातही संशयाचा वास यायला लागला होता. त्यांचा मेहुणा कारखान्याच्या ट्रकवर आहे. एरवी सर कुणाच्या भानगडीत पडत नाहीत, मग आम्ही कुठे चाललो याची त्यांना इतकी चौकशी का, असं मी मनात धरून ठेवलं.

आम्ही काय करायचो ते फार साधं होतं. पाणी तपासायची यंत्रं आमच्याकडे कुठली. मी घरची जुनी पांढरी चादर फाडून पट्ट्या केल्या. बुधवारी पुलाच्या कठड्याला दोरी बांधून एक पट्टी पाण्यात सोडायची, तासाभरानं वर काढायची, वाळवायची आणि वर्गात खिळ्याला अडकवायची, खाली तारीख. पाण्यात जे असेल ते कापड पिऊन घेतं. चादर कुठली ते तुला फोनवर सांगितलं नव्हतं. तुझ्या लहानपणच्या पलंगावरची, कोपऱ्यात बदक भरलेली. बदक मी कापून वेगळं ठेवलंय. बाकीची फाडताना जरा जिवावर आलं, पण म्हटलं, चांगल्या कामाला जातेय.

आता इथे मला तुझ्या फोनांबद्दल लिहायचंय, आणि इथेच हात अडखळतोय. बाबा गेल्यानंतर तू नोकरीला त्या शहरात गेलीस. माझी काही तक्रार नव्हती, मीच तुला जा म्हटलं. तुझा फोन यायचा, पण कसा, तर बरी आहेस ना, जेवलीस ना, पाणी गेलं नाही ना, चल ठेवते. मी म्हणायचे, दमत असेल पोर, मोठी कंपनी आहे, कामं असतात. तू तिथे काय करतेस हे मला कधी धड कळलं नाही. ‘अहवाल बघते गं’ एवढंच म्हणायचीस, आणि मी शाळेत सगळ्यांना सांगायचे की माझी लेक अहवाल बघते, जसं काही ते मला कळतंच. मग मंडळ सुरू झालं आणि पहिली पट्टी सोडायच्या आधीच्या रविवारी बोलता बोलता मी तुला पट्ट्यांचं सांगितलं. तू म्हणालीस, ‘आई, हे फार इंटरेस्टिंग आहे. परत सांग.’ त्यानंतर दर रविवारी तुझा फोन यायला लागला. घाई नाही, चल ठेवते नाही. या खेपेला पट्टी कशी आली, पुढच्या वेळी कधी जाणार, सकाळी की दुपारी, मुलं पाण्यात हात घालतात का. मी फोन खांद्याशी धरून भांडी घासायचे आणि तासभर बोलायचे. रविवारची मी शुक्रवारपासून वाट बघायची. तुला सांगायला काहीतरी असावं म्हणून आठवड्यातल्या गमती लक्षात ठेवायचे. बाबा असते तर म्हणाले असते, मायलेकींचं सूत जमलं एकदाचं.

तुझं पार्सलही त्याच दिवसांतलं. त्यात मुलांसाठी हातमोजे होते, रबरी, कोपरापर्यंत येणारे, आणि माझ्यासाठी छत्री. केवढी दणकट छत्री. मी ती शाळेत मिरवली. पीटीच्या सरांनी ती उघडून बघितली, गोल फिरवली आणि म्हणाले, ‘बाई, छत्री तर त्यांचीच की.’ कापडावर तीन पाकळ्यांचं फूल होतं. मी म्हटलं, ‘कुणाची त्यांची? माझ्या मुलीनं पाठवलीय, तिच्या कंपनीची आहे.’ सर म्हणाले, ‘असेल बुवा, फुलं काय सगळीकडे सारखीच असतात.’ आणि छत्री मिटून दिली. मी त्यांच्यावर मनातून चिडले. माणसाचा स्वभावच कुचका, असं म्हणून तो विषय मी बंद केला. किती घट्ट बंद केला होता ते आत्ता लिहिताना कळतंय.

तर पट्ट्या. पहिली पांढरी आली. दुसरी पांढरी. पुढचीही पांढरी. मुलं आधी खूश झाली, मग हिरमुसली. मुलांचं खरं असतं, त्यांना काहीतरी सापडायला हवं असतं. तेव्हा आमच्या मंडळात एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणतात, चणीनं एवढीशी आणि सारखी कुठेतरी लगबगीनं चाललेली. तिचे वडील त्याच कारखान्यात रंगाच्या हौदावर आहेत. एका बुधवारी पट्टी वर काढली, परत स्वच्छ, आणि मुंगी म्हणाली, ‘बाई, पण बाबांची नखं तर लाल आहेत.’ मी विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, ‘ज्या आठवड्यात जो रंग, ती नखं. लाल नखं असली की ओढा लाल. मग आजच पांढरा कसा?’ मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, हिला इतकं माहीत आहे, तर हिच्या घरीही आमचं सगळं माहीत असणार.

मग एक विसरभोळेपणा झाला. एका बुधवारी दोन भावंडांत पट्टी कुणी काढायची यावरून भांडण लागलं. ‘मी मोठा.’ ‘मोठा असशील घरी.’ ते सोडवता सोडवता घंटा झाली आणि पट्टी पाण्यातच राहिली. पुढच्या बुधवारी नवीन बांधायला गेलो तर जुनी तिथेच. वर काढली तर लाल, त्यावर काळपट, आणि कडेला हिरवट ओघळ. एवढीशी पट्टी, पण बाकीच्या सगळ्या दिवसांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. खाली मात्र पाणी वाहत होतं नितळ, तळाचे गोटे दिसत होते. कारण तो बुधवार होता. चष्मेवाली एक मुलगी आहे, ती हळूच म्हणाली, ‘बाई, ओढ्याला आपलं वेळापत्रक कुणी दिलं?’

त्या दिवसापासून माझी शाळा बदलली. खोल्या त्याच, घंटा तीच, पण मी आत शिरले की आधी माणसं बघायची. मोठ्या बाई दार लावून फोनवर बोलत असल्या की मी व्हरांड्यात उगाच चप्पल नीट करत थांबायची. पीटीचे सर फाटकाशी ट्रकवाल्या मेहुण्याशी हसताना दिसले की मी मनात तारीख लिहायची. दिवस बदलून शुक्रवार केला, मोठ्या बाईंना कळवला, वर्गात सांगितला. शुक्रवारी पाणी काचेसारखं. मला तर आसुरी आनंद झाला, की बघा, म्हणजे शाळेतूनच जातंय. आता एकेकाला गाळत जायचं. सगळ्यात सोपी मुंगी होती. लहान होती ना. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, ‘अगं, मंडळात गर्दी फार झालीय, तू पुढच्या वर्षी ये.’ ती मला ‘बरं बाई’ म्हणाली. का म्हणून विचारलं नाही. जाताना तिनं हातमोजे काढून डब्यात ठेवले, बोटं सरळ करून, जोडी जुळवून. ठमे, मी इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलांकडे अशा नजरेनं मी कधी बघितलं नव्हतं. बाकीच्यांनीही ओळखलं. खुळं मंडळ हसेनासं झालं. पुलावर जाताना मुलं एकमेकांपासून अंतर ठेवून चालायला लागली, आणि हाका मारणं तर बंदच.

मग मी ठरवलं की आता कुणालाच सांगायचं नाही. मोठ्या बाईंना नाही, शिक्षकांना नाही, मुलांनासुद्धा नाही. मंगळवारी भूगोलाच्या तासाला धडा अर्ध्यावर आला असताना पुस्तक मिटलं आणि म्हटलं, ‘चला.’ त्या दिवशी मोठ्या बाई रजेवर होत्या. पीटीचे सर मैदानावर पाचवीच्या पोरांना उड्या मारायला लावत होते. मुंगी दुसऱ्या तुकडीत, गणिताच्या तासाला. आम्ही धावतच पुलावर गेलो. मी कठड्यावरून वाकले आणि खाली माझाच चेहरा दिसला, इतकं स्वच्छ पाणी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, ‘बाई, ओढा सुधारला.’ बिचाऱ्यांना खरंच आनंद झाला होता, कारण आता कुणी कुणावर संशय घ्यायला नको होतं. मी पण हसले. परत येताना मनात घोकत होते, कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे योगायोगच असणार, कुणालाच तर सांगितलं नव्हतं. असं म्हणत म्हणत शाळेच्या फाटकाशी आले आणि पाय थबकले. रविवारी, भांडी घासता घासता, फोन खांद्याशी धरून मी तुला म्हटलं होतं, ‘या खेपेला मंगळवारी नेणार आहे, कुणाला सांगू नकोस हं.’ आणि आपण दोघी हसलो होतो. मी तुला मोजलंच नव्हतं गं. तुला सांगणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मुलं आत गेली आणि मी तिथेच उभी राहिले. हातात मिटलेली छत्री होती. मी ती उघडली, भर शाळेच्या फाटकात, ऊन नाही पाऊस नाही, आणि त्या तीन पाकळ्यांकडे बघत राहिले. समोरून कारखान्याचा ट्रक गेला, त्याच्या दारावर त्याच पाकळ्या. आता आठव, मी तुला कितीदा विचारलं होतं की तुमची कंपनी काय बनवते. तू म्हणायचीस, ‘बरंच काय काय, आई.’

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी सांगताना मला तुझ्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटते. पुढच्या रविवारी मी तुझ्याशी खोटं बोलले. अगदी नेहमीच्या आवाजात. म्हटलं, शनिवारी सकाळी जाणार आहोत, जादा तास घेतलाय. तू म्हणालीस, ‘शनिवारी? मुलं येतील?’ मी म्हटलं, येतील की, उत्साही आहेत. तुझ्याशी बोलताना मी शब्द तोलते आहे हे मला ऐकू येत होतं, आणि तुला येऊ नये म्हणून मी नळ मोठा सोडला होता. शनिवारी शाळेला सुटीच होती, कुणीच जाणार नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी पुलावरून गेले तर ओढा विटकरी आणि फेसाळ, वास असा की नाकाला पदर लावावा लागला. शनिवारी सकाळी एकटी गेले. पाणी नितळ. तळाशी एक चमचा पडलेला होता, तोही दिसत होता. मी पिशवीत पट्टी नेली होती, पण ती बांधलीच नाही. तशीच घडी करून घरी आणली आणि त्या बदकाच्या तुकड्याशेजारी ठेवली.

तेव्हापासून मी तुझी प्रत्येक आठवण उलटसुलट करून बघतेय, जशी आपण बाजारात वांगी फिरवून बघतो, कुठे कीड दिसते का. तू म्हणालीस ‘फार इंटरेस्टिंग आहे’ तेव्हा तुझा आवाज कसा होता. ‘सकाळी की दुपारी’ हे तू कशाला विचारायचीस. तुझ्या मागे कुणी बसलेलं असायचं का. तुझ्या साहेबांना कळलं असेल की तुझी आई त्याच शाळेत आहे, मग त्यांनी तुला सांगितलं असेल, विचारून घे. नाही म्हटलं असतंस तर तुझी नोकरी राहिली असती की नाही कोण जाणे. हे मी स्वतःला समजावते आणि पाच मिनिटं बरी असते. मग डब्यातले हातमोजे दिसतात. तू ते न मागता पाठवलेस. दर वेळी बजावायचीस, ‘हात घालू देऊ नकोस, आई, कुणालाही, अजिबात.’ त्या पाण्यात काय आहे हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे, हे तर आता उघड आहे. मग वाटतं, माझी ठमी आमचे दिवस त्यांना कळवत होती, पण ते मुलांचे हात पाण्यात असताना वरून ते पाणी सुटू नये म्हणून. आमची पट्टी पांढरी राहावी म्हणून नाही. असं वाटलं की मी तुला उचलून कडेवर घेते, मनातल्या मनात. आणि लगेच दुसरं मन म्हणतं, तसं होतं तर आईला का नाही सांगितलं. या दोन मनांचा निकाल लावणं मला जमत नाहीये, आणि खरं सांगू, मी तो तुझ्याकडून मागतही नाही. तू जे सांगशील त्यावर मी विश्वास ठेवेन, ही माझी खोड आहे, म्हणूनच विचारत नाही.

मुंगीकडे मात्र गेले. मधल्या सुटीत ती पायरीवर डबा खात होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, उद्यापासून ये मंडळात. ती म्हणाली, ‘गर्दी संपली का, बाई?’ त्यात टोमणा होता की नाही मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, गर्दी नव्हतीच, माझीच चूक झाली, मला वाटलं होतं की घरचं माणूस बातमी बाहेर नेतं. तिनं घास गिळला, विचार केला आणि म्हणाली, ‘बाबा तर फक्त रंगवतात. हौदाचं झाकण दुसरेच उघडतात.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘पण बाई, आपण ठरवून कशाला जायचं? मी रोज त्याच पुलावरून घरी जाते. आम्ही बरीच जणं जातो. जाता जाता रोज एकानं पट्टी बांधायची, दुसऱ्या दिवशी काढायची.’ डबा बंद करून ती धावत गेलीसुद्धा. मी मात्र पायरीवर बसूनच राहिले. आम्ही कोण सांगतं हे शोधत बसलो होतो, आणि सांगण्यासारखं काही ठेवायचंच कशाला, हे तिला सुचलं.

मोठ्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ‘घरी जाताना मुलं काय करतात त्याला माझी परवानगी कशाला लागते?’ आणि मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, ‘मी आधी कळवायला सांगायचे ते मुलं पाण्याकडे जातात म्हणून. तुमच्या मनात भलतंच काहीतरी होतं, दिसत होतं.’ म्हणजे मलाच वाटत होतं की मी लपूनछपून बघतेय. पीटीच्या सरांनी न मागता शिट्टी आणून दिली, म्हणाले, पुलावर पोरं वाकली तर वाजवा. शिट्टी घेताना मला त्यांच्याकडे वर बघवेना.

तर ठमे, आता हे पत्र कशासाठी ते सांगते. जाब विचारायला नाही लिहिलं. एक निरोप द्यायला लिहिलंय, आणि तो तू जसा बाकीचे दिवस पोचवलेस तसाच पोचवायचा आहेस, ज्यांना पोचवतेस त्यांना. आमचं खुळं मंडळ सोमवारपासून रोज ओढ्यावर जाणार आहे. उद्या जाणार, परवा जाणार, तेरवाही जाणार. सुटीच्या दिवशी ज्यांची घरं पलीकडे आहेत ती मुलं जाणार. यात गुपित काही नाही, तुझ्या साहेबांना खुशाल सांग. रोजच स्वच्छ पाणी सोडावं लागलं तर सोडतील, नाहीतर पट्ट्या रंगतील आणि त्या आम्ही वर्गात न टांगता रस्त्याकडच्या भिंतीवर टांगू. चादर अजून बरीच उरलीय. छत्री मी वापरतेय, दणकट आहे, टाकून कशाला द्यायची. आणि आता एकच राहिलं. येत्या रविवारी मी फोनजवळच असेन. तुला विचारण्यासारखा आणि मला सांगण्यासारखा एकही वार आता माझ्याकडे उरलेला नाही. कधी जाणार, सकाळी की दुपारी, सगळं तुला या कागदावरच कळलंय. तरीही फोन वाजला, तर तो कशासाठी वाजतोय हे मला कळेल, आणि मी तो पहिल्या घंटेलाच उचलेन.

रविवारची वाट बघणारी,
तुझीच
आई